पुडीचं पथ्य

महादेवीला भीती नवी नव्हती. महापुराच्या साली पंचगंगेचं पाणी कुंभार गल्लीजवळच्या त्यांच्या घराचा जिना चढून आलं आणि होडीवाल्यांनी तिला वरच्या खिडकीतून गव्हाच्या पोत्यासारखं उचलून बाहेर काढलं, तेव्हापासून भीती तिच्याकडे कायमची राहायला आली होती. पुढे त्यांनी ते घर विकलं, लक्ष्मीपुरीत दुसऱ्या मजल्यावर बिऱ्हाड केलं. भीती सामानाबरोबर तिथंही आली. भांडं पडलं की छातीत धडधड, नवऱ्याला यायला उशीर झाला की हातपाय गार. नवरा सोमशेखर मार्केट यार्डात गुळाचा अडत्या. गुळाचा खडा नुसता जिभेवर ठेवून कुठल्या गावचा माल ते सांगणारा माणूस, पण बायकोच्या आत काय चाललंय ते त्याला कधी ओळखता आलं नाही. त्याला तरी दोष कशाला द्या? तिनं कधी तोंड उघडून सांगितलंही नव्हतं.

मग कुणा डॉक्टरनं एक बारीक गोळी लिहून दिली. बोटाच्या टोकाला चिकटेल एवढी गोळी, पण तिनं महादेवीला उभं केलं. झोप आली, धडधड गेली. थोड्या दिवसांसाठी दिलेली ती गोळी औषधवाल्याच्या ओळखीवर वर्षानुवर्षं चालू राहिली. आणि हळूहळू असं झालं, की एखादी रात्र गोळी चुकली तर भीती पूर्वीपेक्षा दुप्पट जोरानं यायची.

हे असंच चाललं असतं, पण दानेश्वरीला दिवस गेले. दानेश्वरी ही एकुलती एक लेक, इचलकरंजीला दिलेली, तिथंच शाळेत शिकवणारी. पहिलं बाळंतपण माहेरी, हे काय कुणी कुणाला सांगावं लागत नाही. बातमी ऐकून महादेवीला आधी आनंद झाला आणि पाठोपाठ धडकी भरली. गोळी घेतली की ती मेल्यासारखी झोपायची, सकाळी हात जड असायचे. नातवंडाला पायावर घेऊन न्हाऊ घालायचं, तेल लावायचं, धुरी द्यायची, ते असल्या हातांनी? बाळ घरात येण्याआधी गोळी सुटली पाहिजे, असं तिनं गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावून ठरवलं.

राजारामपुरीतल्या डॉक्टर अवंतिका वयानं तिच्या लेकीपेक्षा थोड्या मोठ्या. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"महादेवीताई, ही गोळी सोडायची म्हणजे जिना उतरायचा," त्या म्हणाल्या. "एकेक पायरी, कठडा धरून. उडी मारायची नाही. एकदम बंद केलीत तर अंगाला झटके येऊ शकतात, जिवावर बेतू शकतं. आणि आणखी एक. झोपेसाठी किंवा मन शांत व्हावं म्हणून दुसरं काहीही घेणार असाल, घरगुती काढा, चूर्ण, झाडपाला, अगदी काहीही, तर आधी मला विचारायचं."

"व्हय बाई," महादेवी म्हणाली. ते तिला मनापासून पटलंही होतं.

वरच्या पायऱ्या बऱ्या गेल्या. मग गोळी आणखी कमी झाली आणि जुनी धडधड परत आली. स्वयंपाकघरात नळ सोडला तरी तिला जिन्यावरचं पाणी दिसायचं. त्याच वेळी डॉक्टरांना फोन केला असता तर त्यांनी पायरी लहान करून दिली असती. पण महादेवीला वाटलं, कुरकुर केली तर गोळी परत वाढवतील, आणि दानेश्वरी तर आता यायची झाली. तिनं दात आवळून सोसायचं ठरवलं. आणि सोसणाऱ्या बाईच्या दारात शालूबाई येऊन उभी राहिली नाही, असं त्या गल्लीत कधी झालेलं नव्हतं.

शालूबाई समोरच्या बिऱ्हाडातली. "मी सांगतो, मी बघतो" असं अस्सल कोल्हापुरी बाईच्या ठसक्यात बोलायची आणि सगळ्या गल्लीच्या दुखण्यांचा मक्ता आपल्याकडे असल्यासारखी वागायची. मनानं वाईट नव्हती. वाईट असती तर महादेवीनं तिचं ऐकलंच नसतं.

"आगं, इंग्लिश गोळी सोडवायला इंग्लिश डाक्टर काय कामाची?" शालूबाई म्हणाली. "माझ्या म्हायेराजवळ, सीमेपल्याड, एक अज्जा हाय, कानडी म्हातारा. झाडपाल्याची पुडी देतो. मी सोता घेतो की, गुडघ्याला अन् झोपंला. झाडपाल्यानं कुनाचं वाईट झालंय व्हय?"

दोघी एसटीनं गेल्या. अज्जा कट्ट्यावर बसला होता, कपाळभर विभूती, डोळे मायाळू. तो महादेवीशी कानडीत बोलला. तिची आई कानडीतच बोलायची, ती गेल्यापासून महादेवीच्या दुखण्याची चौकशी त्या भाषेत कुणी केली नव्हती. तिचे डोळे भरून आले, आणि तिथंच ती त्याची झाली. करड्या रंगाच्या पावडरीच्या पुड्या तिच्या पदरात टाकताना अज्जानं पथ्य सांगितलं. आंबट चालेल, तेलकट चालेल. फक्त पुडीचं नाव कुणापुढं काढायचं नाही. नवऱ्यापुढं नाही, डॉक्टरापुढं तर नाहीच. बोललीस की गुण उडून जाईल. नुसता उडून गेला तर बरं, उलटला तर घरातल्या सगळ्यात लहान जिवावर उलटेल.

महादेवीला मनातल्या मनात हसू आलं. तिच्या घरात सगळ्यात लहान जीव म्हणजे पिंजऱ्यातला पोपट. पण पथ्याचं तिला नवल वाटलं नाही. तिच्या माहेरी काविळीचं औषध असंच मिळायचं. पाला कुठला ते विचारायचं नाही, औषध घेऊन नदी ओलांडायची नाही, देणाऱ्याचं नाव घ्यायचं नाही. असल्या अटी पाळतच ती लहानाची मोठी झाली होती. डॉक्टरांनी तर कसलंच पथ्य सांगितलं नव्हतं, नुसतं मला विचारा म्हणाल्या होत्या. पथ्य नसलेल्या औषधावर आपल्याकडे विश्वास जरा कमीच बसतो.

पुडीनं पहिल्याच दिवशी गुण दाखवला. धडधड थांबली, डोकं हलकं झालं, अंथरुणाला पाठ टेकताच झोप. डॉक्टरांकडे गेली तेव्हा त्या खुश झाल्या. "छान उतरताय तुम्ही," म्हणाल्या. "दुसरं काही घेत नाही ना?"

महादेवीच्या जिभेवर आलं होतं. ते तिनं गिळलं. "न्हाई बाई."

डॉक्टरांनी गोळी आणखी एक पायरी उतरवली.

त्यानंतर घरात बारीकसारीक गोष्टी व्हायला लागल्या. आमटीत मीठ दोनदा पडायचं. दूध उतू जाऊन गॅस विझायचा आणि महादेवी तिथंच समोर उभी असायची, डोळे उघडे ठेवून. चालताना पाय कापसावर पडल्यासारखे वाटायचे. एकदा पिंजऱ्याची कडी लावायची राहिली आणि पोपट उडून गेला. सोमशेखर हसून म्हणाला, "आता बाई कशी शांत झालीया बघा, पोपट गेला तरी वरडली न्हाई." महादेवीही हसली. तिला खरोखरच काही वाटलं नव्हतं. पण त्या रिकाम्या पिंजऱ्याकडे बघताना तिला अज्जाचं बोलणं आठवलं. आपण कुणापाशी बोललो तर नाही ना, हे तिनं दोन-तीनदा आठवून बघितलं.

दानेश्वरी मोकळी झाली. मुलगी झाली. लालबुंद, डोकंभर जावळ, मुठी घट्ट मिटलेल्या. महादेवीनं तिला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा हात अजिबात कापले नाहीत, आणि तिनं मनोमन अज्जाला हात जोडले. गोळीचा नुसता एक कपचा उरला होता.

बाळाला न्हाऊ घालायला धोंडुबाई यायची, त्या कामातली मुरलेली बाई. रविवारी ती जोतिबाला गेली.

"ऱ्हाऊ दे आजचा दिवस, अव्वा," दानेश्वरी खोलीतून आईला म्हणाली.

"का म्हून? मी काय मेलीय व्हय?" महादेवी म्हणाली. याच दिवसासाठी तर सगळं चाललं होतं. मन घट्ट राहावं म्हणून तिनं सकाळीच एक पुडी जास्तीची घेतली. जीव घाबरला तर एक वाढवायची, असं अज्जानं सांगितलंच होतं.

न्हाणीत पाटावर बसून तिनं पाय लांब पसरले. दोन्ही पायांच्या खोबणीत बाळ पालथं घातलं. अंगाला तेल, वर डाळीच्या पिठाचा हात. पाण्याची वाफ, बाळाच्या पाठीची ती ऊब. तिनं तांब्या भरून घेतला, कोपरानं पाणी बघितलं, पाठीवर धार सोडली, एकामागून एक तांबे घातले. बाळ रडायचं थांबलं. महादेवीला फार बरं वाटलं.

आणि मग काही नाही.

मग कुठूनतरी एक आवाज आला, गुळणी केल्यासारखा. तिला तो फार लांबून ऐकू आला. डोळे उघडायला वेळ लागला. तांब्या आडवा पडला होता. मोरीच्या तोंडावर बाळाचं लंगोट जाऊन बसलं होतं आणि न्हाणीत पाणी साठलं होतं. पायांवर बाळ नव्हतं. बाळ पायांच्या कडेनं घसरून त्या पाण्यात पडलं होतं, तोंड खाली.

महादेवीनं झडप घातली. तिला उचललं, उलटं धरलं, पाठीवर चापट्या मारल्या. बाळाचे ओठ काळेनिळे दिसत होते. नाकातोंडातून पाणी आलं, मग एक खोकला, आणि मग असा टाहो, की महादेवीला तो जन्मभर पुरला असता.

"अव्वा! का गं एवढी रडती?" बाहेरून दानेश्वरी.

"डोळ्यात साबण गेला," महादेवी म्हणाली. घरात बाळासाठी साबण आणलेलाच नव्हता. दानेश्वरीला ते सुचलं नाही.

बाळाला पुसून, गुंडाळून तिनं लेकीच्या हातात दिलं, आणि न्हाणीत परत येऊन कडी लावून बसली. आणखी थोडा वेळ गेला असता तर? पुराच्या पाण्याची भीती हिच्यापुढे काहीच नव्हती, कारण पूर बाहेरून आला होता आणि हे पाणी तिनं स्वतःच्या हातानं ओतलं होतं.

त्याच दिवशी तिनं सगळ्या पुड्या संडासात ओतल्या आणि वरून पाणी सोडलं. उरलेल्या गोळ्याही टाकल्या. उडी मारायची नाही, हे डॉक्टरांचं बोलणं तिला आठवलं, नाही असं नाही. पण तिनं स्वतःला समजावलं, राहिलाय गोळीचा कपचा, शेवटची पायरी, तिथून काय उडी? आणि पुडी म्हणजे झाडपाला. कोथिंबीर खायची सोडली तर कुणाला झटके येतात का? इथंच ती चुकली, आणि तिच्या जागी गल्लीतली कुठलीही बाई अशीच चुकली असती.

दुसऱ्या दिवशी तिच्या बोटांना कापरं भरलं. तिसऱ्या दिवशी उजेड डोळ्यांना टोचायला लागला, कुकरची शिट्टी कानात खिळा ठोकल्यासारखी जायची. अंगाला गार घाम, पोटात काही ठरेना. भिंतीवर मुंग्यांची रांग चाललेली दिसायची, हात लावला की भिंत कोरडी आणि मुंग्या कुठंच नाहीत. आपल्याला वेड लागतंय, असं तिला वाटलं. आणि त्याहून वाईट म्हणजे दुसरं एक वाटलं. पुडी टाकली म्हणून ती उलटली. मग उलटून जाणार कुठं? पोपट तर आता घरात नव्हता. घरातला सगळ्यात लहान जीव पाळण्यात होता.

म्हणून ती गप्प राहिली. बोलली तर बाळावर येणार, अशी तिची पक्की समजूत. आणि बाळाला हातात घ्यायची तर तिची छाती होईना. ती बहाणे काढायला लागली. सर्दी झालीय, पाठ धरलीय, हाताला हळद लागलीय. दानेश्वरी बाळ पुढं करायची आणि महादेवी हात पदरात लपवायची.

एकदा दानेश्वरीनं बाळाला पाळण्यात ठेवलं आणि आईकडे न बघता विचारलं, "अव्वा, पोरगी झाली म्हनून व्हय?"

"काय बोलतीस?"

"त्या दिवशी न्हाऊ घातलीस, त्याच्या फुडं तिला हात सुदिक लावला न्हाईस. माझ्या सासूचं जाऊ दे, ती बोलणारच. पण तू सुदिक?"

लेक रडत होती आणि महादेवीला सांगता येत नव्हतं. एवढं एकटं तिला पुराच्या पाण्यातसुद्धा वाटलं नव्हतं. शालूबाई आली तेव्हा महादेवीनं तिचा हात घट्ट धरला, पण शालूबाईनं आधी तिच्या कानाशी तोंड नेलं. "पथ्य मोडलं न्हाईस न्हवं? तोंड उघडू नगंस. घरात बाळ हाय." एवढं बोलून ती डब्यातल्या शेंगदाण्याच्या लाडवाची तारीफ करत बसली.

मग बारसं आलं. इचलकरंजीची माणसं आली, विहीणबाई काठापदराच्या साडीत, बरोबर जावा-नणंदा. पाळण्याला झेंडूच्या माळा, घुगऱ्यांचं पातेलं, बायकांचा गलका. महादेवी भिंतीला पाठ लावून उभी होती. झगमगत्या जरीकडे बघितलं की डोळ्यांत सुया शिरायच्या. जबडा आपोआप आवळत होता. आत काहीतरी ताणलं जात होतं आणि आता ते तुटणार, एवढंच तिला कळत होतं.

रीतीप्रमाणे पाळण्याच्या एका बाजूला विहीणबाई उभ्या राहिल्या. दुसऱ्या बाजूला दानेश्वरीची आई, म्हणजे महादेवी. बाळाला पाळण्याच्या खालून द्यायचं, पलीकडचीनं घ्यायचं, वरून परत करायचं, आणि मग नाव.

"या की हो विहीणबाई," पलीकडून हाक आली.

"माझ्याबदली शालूबाई घेतील," महादेवी म्हणाली. "माझी पाठ..."

विहीणबाई हसल्या, पण ते हसू बरं नव्हतं. "नात झाली म्हनून हात आखडला व्हय तुमचा? आमी तर काय म्हटलं न्हाई."

महादेवीनं दानेश्वरीकडे बघितलं. लेकीची मान खाली होती, आणि कान लाल झाले होते. ते बघून महादेवी पुढे झाली. पाळण्याखाली वाकून तिनं हात पसरले. पलीकडून बाळ पुढे आलं, रेशमी कुंचीत, जागं, तिच्याकडेच बघणारं. तिच्या बोटांना कुंचीचा काठ लागला. त्याच वेळी तिचा उजवा हात खांद्यापासून झटका खाऊन मागे गेला. तिनं नेला नव्हता, तो गेला.

"देऊ नका!" ती किंचाळली. "मागं घ्या तिला! माझ्याकडं देऊ नका!"

विहीणबाईंनी घाबरून बाळ छातीशी ओढलं. महादेवी फरशीवर कोसळली. हातपाय ताठ झाले, डोळे पांढरे झाले, तोंडाला फेस आला. बायका ओरडत मागे सरल्या, पाळणा रिकामाच हलत राहिला. नाव ठेवायचं राहूनच गेलं.

शुद्ध आली तेव्हा ती दवाखान्यात होती, हाताला सलाईन. दुपारचं ऊन पडद्यावर होतं. पायाशी सोमशेखर, उभ्या उभ्या वाळल्यासारखा. खिडकीशी बाळाला घेऊन दानेश्वरी. उशाला शालूबाई. आणि खुर्ची ओढून जवळ बसलेल्या डॉक्टर अवंतिका.

"महादेवीताई, घरात गोळ्या सापडल्या नाहीत. पण गोळीचा एवढासा कपचा बंद करून असा झटका यायला नको," त्या सावकाश म्हणाल्या. "आणखी काहीतरी आहे. तुम्ही काय घेत होता?"

शालूबाईनं चादरीखालून महादेवीचा हात दाबला, जोरात.

"मला कळलं नाही तर मी अंदाजानं औषध देणार," डॉक्टर म्हणाल्या. "अंदाज चुकला तर पुन्हा झटका येईल. मी तुम्हाला रागावणार नाही. मी पण घाबरलेय."

डॉक्टर घाबरतात हे महादेवीला माहीत नव्हतं. तिनं खिडकीकडे बघितलं. बाळ तिथं होतं, कुंचीतून एक मूठ बाहेर आलेली. बोललीस तर सगळ्यात लहान जिवावर उलटेल. आणि मग, त्या औषधानं जड झालेल्या डोक्यातसुद्धा, तिला एक गोष्ट लखलखीत दिसली. रविवारी न्हाणीत बाळ पाण्यात गेलं, तेव्हा ती कुणापाशी एक अक्षरही बोललेली नव्हती. पथ्य पुरेपूर पाळलं होतं. तरी बाळ पाण्यात गेलं होतं. किंबहुना पाळलं होतं म्हणूनच गेलं होतं.

तिनं शालूबाईचा हात सोडवला.

"पुडी," ती म्हणाली. "अज्जाची पुडी. झाडपाल्याची. रोज घेतली, आणि मग समदी एकदम टाकून दिली." एवढं बोलून तिनं डोळे गच्च मिटले आणि कान बाळाकडे लावले. बाळ गप्प होतं. मग बाळाला उचकी लागली, एक, मग दुसरी, साधी दूध प्याल्यावर लागते तशी. महादेवीला रडू फुटलं.

डॉक्टरांनी हळूहळू सगळं विचारून घेतलं. झोप किती यायची, कधीपासून, किती पुड्या. मग म्हणाल्या, "झोप आणणारी वनस्पती असली तरी ती गोळीचा अंमल वाढवते, म्हणून मी विचारत होते. पण नुसत्या झाडपाल्यानं एवढं होईल असं मला वाटत नाही. त्यात झोपेच्याच गोळ्या कुटून घातलेल्या असाव्यात. तुम्ही जिना उतरत नव्हताच, ताई. एका बाजूनं उतरत होता, दुसऱ्या बाजूनं वर चढत होता, आणि तिथून खाली उडी मारलीत. तपासल्याशिवाय मी पक्कं सांगणार नाही. एखादी पुडी शिल्लक आहे का?"

सगळ्यांच्या आधी शालूबाईचा चेहरा पडला. नेहमीचा ठसका कुठल्या कुठं गेला. "माझ्याकडं हाईत," ती पुटपुटली. "मी... मी बी घेतो की. आता काय करू? टाकू?"

"टाकू नका!" डॉक्टर एकदम म्हणाल्या. "उद्या सकाळी त्या घेऊन माझ्याकडे या. एकदम थांबवायचं नाही, ऐकलंत?"

शालूबाईनं मान हलवली आणि स्वतःच्या हातांकडे बघत राहिली, ते कापतायत का म्हणून. पुढे तपासणीत डॉक्टरांचा संशय खरा निघाला, आणि अज्जाच्या कट्ट्यावर पोलीस गेले तोवर अज्जा तिथून निघून गेला होता. पण ते नंतरचं.

त्या दुपारी महादेवीचं सांगून संपलं नव्हतं. खरं म्हणजे जे सांगायचं होतं ते अजून आतच होतं. पुडीचं नाव काढणं त्याच्यापुढे सोपं होतं.

"दानव्वा," तिनं लेकीला हाक मारली. ही लहानपणची हाक. "त्या रविवारी साबण न्हवता गेला डोळ्यात."

तिनं सांगितलं. तांब्या, लंगोट, साठलेलं पाणी, खाली गेलेलं तोंड, काळेनिळे ओठ. काहीही गाळलं नाही. दानेश्वरीनं बाळाला दोन्ही हातांनी आवळलं आणि एक पाऊल मागे सरली, खिडकीच्या गजाला पाठ टेकेपर्यंत. महादेवीला सगळ्यात जास्त भीती याच एका पावलाची होती. गोळी सोडायचा सगळा खटाटोप हे पाऊल पडू नये म्हणून होता. ते पडलं. आणि ती जिवंत राहिली, बघत राहिली. लेकीला अडवायचा हक्क आपल्याला नाही, हे तिला कळत होतं.

"सांगितलं का न्हाईस, अव्वा?" दानेश्वरी म्हणाली. "मला वाटलं, तुला ती नको झालीय."

"तीच तर पायजे हुती," महादेवी म्हणाली.

डॉक्टरांनी गोळी परत सुरू केली, पुष्कळ वरच्या पायरीवरून. आता ती गोळी पुढच्या खोलीत, सगळ्यांसमोर, सोमशेखर हातात पाण्याचा पेला घेऊन उभा असताना घेतली जायची. बाळाला एकटीनं उचलायचं नाही, हेही डॉक्टरांनी सांगितलं. महादेवीला ते लागलं, पण तिनं ते पाळलं. आयुष्यात पहिल्यांदा तिला असं पथ्य मिळालं होतं, जे सगळ्यांना सांगायचं होतं.

राहिलेलं बारसं साधेपणानं झालं. नाव नीलांबिका. त्याच्या पुढच्या रविवारी धोंडुबाई पुन्हा जोतिबाला गेली. न्हाणीत पाणी काढलेलं होतं, वाफ येत होती, आणि महादेवी दाराबाहेर उभी होती. आत जायचं धाडस तिला होत नव्हतं.

"अव्वा, ये आत," दानेश्वरी म्हणाली. ती स्वतः पाटावर बसली होती, पाय लांब पसरून, पायांवर बाळ. मोरीचं तोंड तिनं आधी साफ करून घेतलं होतं. "मी धरते. तू पाणी घाल."

महादेवी आत गेली, लहान स्टुलावर बसली. तांब्या भरला. तिनं कोपर बुडवून पाणी बघितलं, परत बघितलं, आणि बाळाच्या पाठीवर बारीक धार सोडली. नीलांबिका रडायची थांबली. तिचं अंग उन्हातल्या दगडासारखं उबदार वाटत असणार, महादेवीला ते आठवत होतं, पण तिनं हात लावला नाही.

मग तिनं वर बघितलं. दानेश्वरीचं लक्ष बाळाकडे नव्हतं. ती आईच्या पापण्यांकडे बघत होती, टक लावून, एकदाही नजर न हलवता. महादेवीनं डोळे मोठे उघडले आणि लेकीला नीट बघू दिलं.

"जागी हाय," ती म्हणाली, आणि दुसरा तांब्या भरला.